जावयाच्या बर्फात सासूबाई

वेधशाळेत त्यांना साहेब म्हणत, पण गल्लीत ते जावईबापूच होते. घर सासूबाईंचं. खाली सासूबाई, वर लेक आणि जावई. सासूबाई मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. निम्म्या शहराला त्यांनी कधी ना कधी झोपवलेलं होतं, त्यामुळे रस्त्यात थांबून त्यांची विचारपूस करणारे पुष्कळ, आणि त्यातली उरलीसुरली विचारपूस जावईबापूंच्या वाट्याला यायची. ‘डॉक्टरीणबाईंचे जावई ना तुम्ही?’ असं इस्त्रीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळे विचारायचे. लग्न जुनं झालं, मुलगा शिकायला परगावी गेला, डोक्यावरचे केस मागे मागे सरकत गेले, तरी ओळख काही बदलली नाही.

एकच जागा अशी होती की जिथे ते कुणाचेही जावई नव्हते. पृथ्वीच्या पार तळाशी, बर्फावर, एक संशोधन केंद्र होतं. काही वर्षांपूर्वी वेधशाळेने त्यांना एका उन्हाळ्यापुरतं तिथे पाठवलं होतं. तिथे त्यांनी रोज हवेत फुगे सोडले, वाऱ्याची नोंद ठेवली, हात गारठवून घेतले आणि परत आले. काम चोख केलं, पण सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. तेव्हा न घडलेलं त्यांनी घरी आल्यावर हळूहळू घडवून आणलं.

घरी कोणी जेवायला आलं की विषय फिरत फिरत बर्फावर यायचा, म्हणजे जावईबापू तो आणायचे. पाणी गार आहे म्हटलं तरी पुरे व्हायचं. मग जहाजाची गोष्ट निघायची. समुद्र खवळलेला, खलाशीसुद्धा आडवे झालेले, आणि हे एकटे डेकवर कठडा धरून चहा पीत उभे. पुढे एका सीलने वाट अडवली, त्याला यांनी नुसत्या नजरेने बाजूला केलं. वादळात कप्तान गोंधळला, तेव्हा यांनी ढगांकडे बघून दिशा सांगितली. पाहुणे तोंडात घास धरून ऐकत. बायको निमूटपणे वाढत राहायची. आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या सासूबाई गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “हो का?”

बस, तेवढंच. पण त्या ‘हो का’ने जावईबापूंच्या गोष्टीतली सगळी हवा निघून जायची. त्यात टोमणा होता असं म्हणावं तर आवाज अगदी गोड, आणि नव्हता असं म्हणावं तर मग कानाच्या पाळ्या गरम का व्हायच्या, हे त्यांना कधी कळलं नाही.

यंदा वेधशाळेने त्यांना पुन्हा निवडलं, आणि या वेळी वर्षभरासाठी. उन्हाळा संपला की जहाज निघून जाणार, हिवाळाभर कोणी येणार नाही की जाणार नाही. जावईबापूंना मनातून गुदगुल्या झाल्या. वर्षभर ‘जावई’ हा शब्द कानावर पडणार नव्हता. तयारी जवळजवळ झाली आणि केंद्रावर जायचा तो डॉक्टर जिन्यावरून घसरून पाय मोडून बसला. आयत्या वेळी नवा डॉक्टर शोधणं आलं. निवड करणाऱ्यांत सासूबाईंचा एक जुना विद्यार्थी होता. त्याने सहज विचारलं, आणि त्याहून सहज सासूबाई हो म्हणाल्या. निवृत्त होऊन त्यांना काही महिने झाले होते. त्या काळात त्यांची घरातली सगळी कपाटं तीन-चारदा लावून झाली होती आणि आता त्यांची नजर वरच्या मजल्याकडे वळू लागली होती.

जावईबापूंना हे कळलं ते शारीरिक तपासणीच्या दिवशी. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते आपली पाळी यायची वाट बघत होते, तोच आतून सासूबाई बाहेर आल्या, बाहीचं बटण लावत. कोणाला भेटायला आला होतात का, असं त्यांनी अदबीने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, भेटायला नाही, तपासून घ्यायला आले होते, मी पण येतेय ना. कुठे येताय, असं जावईबापूंनी विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आधीच त्यांना ते कळून चुकलं होतं. लगेच आत त्यांचा रक्तदाब घेतला तेव्हा तो इतका चढलेला निघाला की त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. सासूबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी बायकोसमोर मन मोकळं केलं. या वयात, एवढा प्रवास, एवढी थंडी, आईंना झेपेल का, असं बरंच काही ते काळजीच्या सुरात बोलले. बायको शाळेत गणित शिकवायची आणि उगाच पायऱ्या वाढवायची नाही. ती म्हणाली, “आईला झेपेल. तुझं बघ.” आणि वह्या तपासायला लागली. आई आणि नवरा दोघंही वर्षभर नसणार याचं तिला फारसं काही वाटलेलं दिसत नव्हतं, याचं जावईबापूंना थोडं वाईट वाटलं. पण बिचारी वरून दाखवत नसेल, अशी त्यांनी समजूत घालून घेतली.

मग निघणं झालं. एक विमान, दुसरं विमान, मग तिसरं, त्याच्याहून लहान. विमानतळावरची बाकं, काचेपलीकडे पाऊस, कागदी कपातला कडू चहा. जावईबापू सासूबाईंना अनुभवी माणसाच्या आवाजात सूचना देत होते. लोकरीचे मोजे जास्त घ्या, वाचायला जड पुस्तकं घेऊ नका, बंदरावर जास्त खाऊ नका. सासूबाई प्रत्येक सूचना नीट ऐकून घेत होत्या. मोजे त्यांनी मोजकेच घेतले होते, पुस्तकांनी पिशवी भरली होती, आणि बंदरावरच्या छोट्या हॉटेलात त्या भरपेट जेवल्या. जहाजावर चढताना त्यांनी जावईबापूंची एक पिशवीसुद्धा हातात घेतली. जावयाचा हात दुखऱ्या पाठीकडे जाताना त्यांनी पाहिला होता म्हणे.

जहाज लाल रंगाचं, बुटकं आणि रुंद होतं. बंदर मागे पडलं त्या दिवशी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट होता आणि जावईबापू डेकवर सासूबाईंना पाण्याचे प्रवाह समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी जहाज जरा डुलू लागलं. तिसऱ्या दिवशी ते डुलायचं थांबलं आणि आपटू लागलं.

यापुढचे काही दिवस जावईबापूंच्या लेखी नव्हतेच. केबिनमधल्या अरुंद बिछान्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि पायाशी बांधून ठेवलेली एक बादली. जहाज वर चढलं की पोट खाली राहायचं, जहाज खाली आलं की पोट वर जायचं, आणि दोघांची कधी गाठच पडायची नाही. अशा अवस्थेत दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. एका हातात औषधाची पेटी, दुसऱ्या हातात चहाचा मग, आणि त्या मगातला चहा हिंदकळतही नव्हता. त्यांच्या मागे जहाजाचा आचारी होता, सुकी बिस्किटं घेऊन. आचाऱ्याने बिछान्यावरच्या माणसाला निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे, हे तर आपले बादलीसाहेब,” तो म्हणाला. “तरीच म्हटलं, बादली हवी म्हणून निरोप आला तेव्हा ओळखीचं काहीतरी वाटलं.”

मग बिस्किटं ठेवता ठेवता त्याने सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. मागच्या खेपेला साहेब बंदर सोडल्यापासून बर्फ लागेपर्यंत याच केबिनमध्ये होते. खलाशांनी प्रेमाने बादलीवर त्यांचं नाव रंगवलं होतं, ती बादली अजून कुठेतरी असेल. हवी असली तर शोधून आणतो, असंही तो म्हणाला. जावईबापूंना त्या क्षणी जहाज बुडालं असतं तरी चाललं असतं.

आचारी गेल्यावर सासूबाईंनी त्यांना एक इंजेक्शन दिलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसून शांतपणे चहा प्यायल्या. ‘हो का’ आलं नाही. त्याची वाट बघून बघून शेवटी जावईबापूच भिंतीला म्हणाले, “आई, ते डेकवरच्या चहाचं...”

“ते मला माहीत होतं हो,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्हाला गाडीत मागच्या सीटवर बसवलं तरी पहिल्या वळणाला तुम्ही खिडकीची काच खाली करता. असा माणूस खवळलेल्या समुद्रात चहा पितो होय?”

“मग कधी बोलला कसं नाही?”

“कशाला बोलू? ऐकायला छान वाटायचं. एवढं मन लावून, इतक्या बारकाव्यांसकट आजकाल कोण थापा मारतं?” त्या उठल्या, चहाचा मग तसाच न हिंदकळता धरला आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, “सीलचं मात्र मला शेवटपर्यंत खरं वाटलं होतं. तेही नाही ना?”

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. सील त्यांनी पाहिलाच होता, पण पुष्कळ लांबून, आणि तो झोपलेला होता.

एके दिवशी सकाळी आपटणं थांबलं. जहाजाच्या अंगाला काहीतरी घासल्याचा खरखर आवाज येऊ लागला आणि जावईबापू जिवंत झाले. डेकवर आले तर सासूबाई आधीच कठड्याशी उभ्या. समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या, फुटलेल्या काचेच्या तुकड्यांसारख्या, आणि त्यांच्या मधल्या फटींतून जहाज वाट काढत होतं. लांब एक हिमनग, कडेला निळसर, जणू आतून कोणी दिवा लावलाय. पेंग्विनांचा एक घोळका जहाजाकडे बघत उभा होता. कचेरी सुटल्यावर माणसं बसची वाट बघतात तसा. जावईबापूंनी घसा साफ केला. बर्फ निळा का दिसतो, हे ते सांगणार होते. पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि शब्द तोंडातच राहिले. सासूबाईंचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, की हे तुम्ही सांगायचात त्यापेक्षा मोठं आहे. जावईबापूंना हा आपला अपमान की कौतुक, हे ठरवता आलं नाही.

जहाज बर्फाच्या कडेला लागलं. तिथून केंद्र आत, बरंच दूर. सामान उतरवायला केंद्रातली बहुतेक माणसं किनाऱ्यावर आलेली होती. नव्या डॉक्टरला मात्र लगेच आत पोचवायचं ठरलं, कारण आधीचं वर्ष तिथे काढलेल्या जुन्या डॉक्टरला परत नेण्यासाठी जहाज फार दिवस थांबणार नव्हतं. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी एक गाडी त्यांच्यासाठी काढली आणि सोबतीला जावईबापूंना दिलं. ड्रायव्हर होता अंगापिंडाने आडवा, त्याला सगळे पैलवान म्हणत. गाडीत वेधशाळेचा अधिकारी एकच, म्हणून नियमाने त्या गाडीचे प्रमुख जावईबापू. तसं त्यांनी बसताना सांगितलंही. पैलवानाने मान डोलावली आणि सासूबाईंना विचारलं, “निघू या ना, डॉक्टर?”

वाट म्हणजे बर्फात रोवलेल्या बांबूंची एक रांग. प्रत्येक बांबूवर काळा झेंडा. एका झेंड्यापाशी पोचलं की पुढचा शोधायचा. आजूबाजूला दुसरं काहीच नाही. झाड नाही, दगड नाही, पक्षी नाही. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. वाटेत स्टोव्हवर बर्फ वितळवून चहा झाला, गाडीतच पाय आखडून झोपणं झालं. पैलवान आणि सासूबाईंची गट्टी जमली होती. पैलवानाच्या आईच्या गुडघ्यांवर त्यांचं बराच वेळ बोलणं चाललं. प्रमुख मागे बसून झेंडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वायरलेसवरून केंद्राची हाक आली. आवाज सुताराचा होता, आणि तो घाबरलेला होता. केंद्रात त्या वेळी तिघंच होते, जुना डॉक्टर, सुतार आणि एक आचारी. डॉक्टर सकाळपासून पोट धरून ओरडत होता. आता ओरडणारा तोच डॉक्टर म्हटल्यावर औषध द्यायचं कोणी, हे सुताराला कळेना.

सासूबाई ताठ बसल्या आणि पैलवानाला म्हणाल्या, वेग वाढवा. पैलवानाने वाढवला. पण हळूहळू समोरचा उजेड विचित्र होऊ लागला. आभाळ खाली आलं की बर्फ वर गेला ते समजेना. क्षितिजाची रेघ पुसली गेली, सावल्या गेल्या, आणि सगळीकडून सारखाच पांढरा प्रकाश येऊ लागला. दुधाच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटत होतं. मागचा झेंडा दिसत नव्हता आणि पुढचाही दिसत नव्हता.

“थांबव,” जावईबापू म्हणाले.

गाडी थांबली. सासूबाई मागे वळल्या. तिकडे माणूस तळमळतोय, आपल्याला थांबून चालणार नाही, सरळच तर जायचंय, असं त्यांनी हॉस्पिटलातल्या आवाजात सांगितलं. ज्या आवाजापुढे मोठमोठे सर्जन हातातलं हत्यार खाली ठेवायचे, तो हा आवाज. पैलवानाचा पाय पुन्हा गाडी काढायला सरसावला.

“नाही,” जावईबापू म्हणाले. “पुढचा झेंडा दिसल्याशिवाय गाडी हलणार नाही. इथे डावीकडे भेगा आहेत, वरून बर्फाने झाकलेल्या. यात सरळ म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही, आई. माणसाला सरळ वाटतं आणि गाडी गोल फिरत असते. वारा आत्ता पूर्वेचा आहे. तो दक्षिणेकडे वळला की हे फाटेल. संध्याकाळपर्यंत वळेल.”

“हो का?” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” जावईबापू म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आवाज चढवला नव्हता, मान खाली घातली नव्हती. सासूबाई त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या, पेशंटकडे बघावं तशा. मग त्यांनी पैलवानाला इंजिन हळू करायला सांगितलं आणि वायरलेसकडे हात केला.

आता इथूनच, वायरलेसवर सांगून सुताराकरवी औषध द्यायचं ठरलं. पण वायरलेस खरखरत होता आणि सासूबाईंना लांब वाक्यांची सवय. त्या एका दमात चार प्रश्न विचारायच्या, पलीकडून सुतार फक्त ‘काय?’ म्हणायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर जावईबापूंनी त्यांच्या हातातून माइक घेतला. एका वेळी एकच गोष्ट सांगा, मी ती दोनदा बोलतो, असं ते म्हणाले. रोज खराब हवेत नोंदी पाठवून पाठवून त्यांचा या कामात हात बसला होता. शब्द तोडून, सावकाश, सपाट आवाजात ते बोलू लागले आणि सुतार उत्तरं देऊ लागला.

दुखतंय कुठे? पाठीत, एका कुशीला, आणि खाली उतरतंय. ताप? नाही. डॉक्टर झोपून आहे का? नाही, खोलीभर नाचतोय, भिंतीवर डोकं आपटतोय. हे ऐकताच सासूबाईंचे खांदे सैल झाले. त्यांनी जावईबापूंना हळूच सांगितलं, की अपेंडिक्सचा माणूस जागचा हलत नाही, जो नाचतो त्याला मुतखडा. जीव जाणार नाही, पण आत्ता त्याला वाटत असेल की गेला तर बरा.

मग कपाटातलं इंजेक्शन शोधण्याचा कार्यक्रम झाला. सुतार बाटल्यांवरची नावं एकेक अक्षर करून वाचत होता, जावईबापू ते सासूबाईंना सांगत होते, सासूबाई मान हलवत होत्या. मधूनच पाठीमागून पेशंटचा आवाज यायचा, हे नको ते दे, इतकं नको तितकं दे. शेवटी सासूबाई माइकजवळ तोंड नेऊन स्वतःच म्हणाल्या, “त्यांना सांगा, आत्ता तुम्ही डॉक्टर नाही. गप्प पडून राहा.” त्यावर पलीकडे अशी शांतता पसरली की वायरलेस बंद पडला की काय असं वाटलं.

बाटली मिळाली, औषध सिरिंजमध्ये भरून झालं, आणि सुतार हटून बसला. लाकडात खिळा ठोकायला सांगा, माणसात मी काही घुसवणार नाही, म्हणाला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तेव्हा त्यांना न विचारताच जावईबापू बोलू लागले. तू दाराला बिजागरी बसवतोस तेव्हा पहिलं भोक कसं पाडतोस, असं त्यांनी विचारलं. सुतार म्हणाला, टोच्याने, सरळ, एका दणक्यात, हात थरथरला की लाकूड चिरतं. मग तसंच, जावईबापू म्हणाले, फक्त दणका कमी. थोडा वेळ खरखर ऐकू आली. मग एक मोठी किंकाळी, आणि लगेच सुताराचा आवाज, की गेली आत.

सासूबाई हसायला लागल्या. त्यांना हसताना जावईबापूंनी पाहिलं होतं, पण असं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, कधी नाही. पैलवान तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

पुढे वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. पैलवान पेंगला. गाडीच्या काचांबाहेर पांढरं, आत डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास. जावईबापूंनी स्टोव्हवर चहा ठेवला आणि पहिला मग सासूबाईंना दिला. मग बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलं, की तुम्ही आलात का. कपाटं लावून कंटाळा आला म्हणून कोणी इतक्या लांब येत नाही.

सासूबाईंनी मगावर हात शेकले.

“तुमच्यामुळे आले,” त्या म्हणाल्या.

“माझ्यावर लक्ष ठेवायला?”

“तुमच्यावर काय लक्ष ठेवायचं, तुम्ही आणि तुमचे फुगे. नाही हो. जन्मभर मी बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये काम केलं. सकाळी आत जायचं ते अंधार पडल्यावर बाहेर यायचं. लोकांना झोपवायचं आणि उठवायचं. आणि तुम्ही टेबलावर बसून वारा काय सांगायचात, ढग काय, बर्फाचा रंग काय. मी पाहुण्यांना जेवायला का बोलवत होते असं वाटलं तुम्हाला? मला स्वयंपाकाची एवढी हौस कुठाय?”

जावईबापूंच्या हातातला चहा निवत चालला.

“पण त्या गोष्टी निम्म्या खोट्या होत्या,” ते म्हणाले.

“निम्म्या होत्या ना, मग झालं तर. खोट्या निम्म्यात तुम्ही होतात. बर्फ खरा होता.” त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “चहा मात्र तुम्ही पाणचट करता.”

जावईबापूंनी काच पुसली आणि ते बाहेर बघत बसले. मनातून त्यांना फार बरं वाटलं होतं. पण ते सासूबाईंसमोर दाखवण्याइतके ते अजून सरावले नव्हते.

वारा संध्याकाळपर्यंत वळला नाही. तो वळला त्याच्याही बऱ्याच नंतर, आणि तोपर्यंत सासूबाई दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघून ‘संध्याकाळ कधीपर्यंत धरायची हो, इथे तर सूर्यच मावळत नाही’ असं विचारत राहिल्या. पण वळला तेव्हा पांढरा पडदा खरंच फाटला. झेंडा समोरच होता, आणि अगदी जवळ. जरा उजवीकडे मात्र. सरळ गेले असते तर डाव्या बाजूने निघून गेले असते. पैलवानाने झेंड्याकडे पाहिलं, डावीकडच्या बर्फातल्या निळसर रेघांकडे पाहिलं आणि गाडी सुरू करण्यापूर्वी मागे वळून विचारलं, “निघू या ना, साहेब?”

“निघा,” जावईबापू म्हणाले. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

केंद्र म्हणजे खांबांवर उभ्या केलेल्या काही लांबट खोल्या, खालून वारा वाहणाऱ्या. आत शिरल्यावर बूट काढायच्या जागेतच डॉक्टर उभा होता, स्वच्छ दाढी केलेला, हातात सूपची वाटी. खडा आपोआप पडला होता. त्याने तो एका काचेच्या बाटलीत ठेवला होता आणि येईल त्याला दाखवत होता. सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि एवढ्याशा खड्यासाठी एवढा नाच, म्हणाल्या. सुतार जरा लांबच उभा होता. सासूबाईंनी त्याला बोलावलं आणि पुढचं वर्षभर इंजेक्शनं तूच द्यायचीस, असं सांगितलं. तो लाजून पांढरा झाला की लाल, हे थंडीमुळे नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची पाळी लागली. प्यायचं पाणी म्हणजे बाहेरून बर्फ खणून टाकीत टाकायचा, तो वितळवायचा. वयाकडे बघून सासूबाईंना या कामातून सूट दिली होती. त्यांनी ती घेतली नाही. जावईबापू फावड्याने बर्फ कापत आणि सासूबाई घसरगाडीवरून टाकीपर्यंत ओढत. मधे थांबून त्या विचारायच्या, तो तिथला ढग कसला, आणि जावईबापू सांगायचे. खरंखुरं, काही न वाढवता. हे त्यांना फार अवघड जायचं.

सॅटेलाइट फोनवर घरी बोलायची पाळी आठवड्याने आली. दोघं एकाच खोक्यावर बसून रिसीव्हरला कान लावून होते. दोघांनीही काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण लेकीनेच बोलायला सुरुवात केली. आवाज ताजातवाना होता. तिने खालचा आणि वरचा असे दोन्ही मजले रंगवायला काढले होते. हॉल पिवळा, स्वयंपाकघर हिरवट. आईचं मोठं कपाट तिने विकून टाकलं, त्याच्या जागी आता तिची आरामखुर्ची होती. शाळेतल्या मैत्रिणी रोज येतात, उशिरापर्यंत बसतात. घरात इतकी शांतता आहे म्हणून सांगू, ती म्हणाली. मग तिने तुम्ही कसे आहात असं विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत दारावर कोणीतरी आलं म्हणून फोन ठेवून दिला.

रिसीव्हर सासूबाईंच्या हातातच राहिला.

“पिवळा,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “माझ्या हॉलला पिवळा.”

“मला विचारलंसुद्धा नाही,” जावईबापू म्हणाले.

“तुम्हाला कशाला विचारेल? मला विचारलं नाही.” त्यांनी रिसीव्हर जाग्यावर ठेवला आणि तो नीट बसलाय की नाही ते दोनदा पाहिलं. “आपण दोघं तिथे असतो तर तिने हे केलं असतं का हो?”

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” ते म्हणाले. “तिला जागाच मिळाली नसती.”

टाकी भरायची वेळ झाली होती, म्हणून दोघं उठले. बूट चढवताना सासूबाईंनी जावयाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि बूट चढवून झाल्यावरही तो लगेच सोडला नाही.